काळी पावलं

जूनच्या शेवटच्या रविवारी रात्री नऊच्या सुमाराला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकापाठोपाठ तीन फोटो आले. पहिल्यात लॉबीची पांढरी फरशी आणि तिच्यावरून लिफ्टकडे गेलेली काळी पावलं. पूर्ण पावलं नव्हेत, टाचेचा अर्धा गोल आणि अंगठ्याचा ठिपका. तेही एकाच पायाचे, उजव्या, जणू कुणी लंगडी घालत आत आलं होतं. दुसऱ्या फोटोत लिफ्टची जमीन, तिसऱ्यात चौथ्या मजल्याचा पॅसेज. खाली सेक्रेटरींचा मजकूर : 'ज्यांच्या घरातील मूल असेल त्यांनी कृपया लक्ष द्यावे. फरशी नवीन आहे.' पाच मिनिटांत अकरा जणांनी त्याला अंगठे दाखवले. चौथ्या मजल्यावर घरं चार. त्यातलं एक बंद असतं, दोन घरांत सगळे साठीच्या पुढचे. मी फोन टेबलावर उपडा ठेवला आणि बाथरूमकडे गेले. तिथे माझी नऊ वर्षांची भाची पालथ्या बादलीवर बसून उजवा पाय माझ्या आईच्या मांडीवर टाकून 'आजी, गुदगुल्या होतायत' म्हणून खिदळत होती आणि आई तिची टाच खसाखसा घासत होती.

शनिवार-रविवारसाठी ती पुण्याहून आली होती. पुण्याच्या मुलांना मुंबईत दोनच गोष्टी हव्या असतात, समुद्र आणि लोकल. लोकलचा हट्ट सकाळी पुरवून झाला होता. संध्याकाळी पाऊस थांबला तशी आम्ही दोघी जुहूला गेलो. ओहोटी होती. दिवसभर उधाणलेल्या समुद्राने आपल्या पोटातलं सगळं वाळूवर ओकून ठेवलं होतं : चपला, थर्माकोल, निळ्या-हिरव्या नायलॉनच्या दोऱ्यांचे गुंते, दुधाच्या पिशव्या, प्लास्टिकच्या पिशवीसकट विसर्जित केलेलं निर्माल्य. ही मात्र हरखली होती. चपला हातात घेऊन पुढे पळत होती. मग एकदम थांबून ओरडली, "आत्या, जांभळं!" खरंच जांभळंच वाटत होती. काळी, चकचकीत, थोडी वाळू माखलेली, भरतीच्या रेषेवर ओळीने पडलेली. काही सुपारीएवढी, काही लिंबाएवढी, एकदोन शेणाच्या पोसारखी पसरलेली. तिने एक उचलून नाकाशी नेलं आणि लगेच टाकून दिलं. तोवर टाच दुसऱ्यावर पडली होती.

ते डांबर होतं. डांबरगोळे. मुंबईत वाढलेल्या कुणालाही हे नवीन नाही. पाऊस लागला, नैर्ऋत्येचा वारा किनाऱ्याकडे वाहायला लागला, की दर वर्षी येतात. कुठल्या तरी जहाजाने भर समुद्रात टाक्या धुतलेल्या असतात, कुठे नळाला गळती असते, कुठे समुद्राच्या तळातूनच थोडं पाझरत असतं. तेलातला हलका भाग पहिल्या एकदोन दिवसांत उडून जातो. उरलेल्याला लाटा पाण्याबरोबर घुसळत बसतात, ते घट्ट होत जातं, मग आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, गोळा होऊन किनाऱ्याला लागतं. प्रत्येक तेलक्षेत्रातल्या तेलाचा रासायनिक ठसा निराळा असतो म्हणे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले लोक असे गोळे गोळा करून, ठशावरून ते कुठलं तेल असावं याचा माग काढतात. आमच्या सेक्रेटरींनीही त्या रात्री ठशांवरून मागच काढला होता. फक्त त्यांचा माग लिफ्टपाशी सुरू होऊन माझ्या दारात संपत होता.

आईने साबण लावून पाहिला, बेसन लावून पाहिलं. काळं नुसतं पसरत गेलं. मग तिने मागे वळून न बघता हात पुढे केला आणि म्हणाली, "रॉकेल दे गं थोडं."

घरात रॉकेल नव्हतं.

किती वर्षं नव्हतं, ते दोघींनाही आठवेना. आईचा हात तसाच पुढे राहिला. तिच्या चेहऱ्यावर एखाद्या जुन्या शेजारणीला हाक मारावी आणि ती जाऊन दहा वर्षं झाल्याचं मग आठवावं, तसं काहीसं उमटलं. "मग खोबरेल आण," ती म्हणाली. तेलाचा डाग तेलानेच जातो हे तिला ठाऊक होतं. मी बाटली आणली. आईने तळहातावर थोडं घेऊन टाचेवर जिरवलं आणि ते काळं हळूहळू सैल होऊन तिच्याच हाताला यायला लागलं. स्वतःच्या काळ्या झालेल्या बोटांकडे बघत ती सहज म्हणून गेली, "तुझ्या मामाचे कपडे असेच यायचे."

त्या रात्रीपासून मनात अडकून राहिलं आहे ते हे वाक्य. फरशी नाही.

रॉकेल हा शब्द आता उच्चारला तरी वास येतो. इंग्रजीतल्या 'रॉक ऑइल'चं आपल्या आज्या-पणज्यांनी रॉकेल केलं, 'गॅसलाइट'चं घासलेट केलं आणि दोन्ही अशी घरची करून टाकली की कुणाला त्यांचं मूळ विचारावंसंही वाटलं नाही. परळच्या आमच्या चाळीत दोन्ही चालायचे. आई रॉकेल म्हणायची, खालच्या मजल्यावरच्या आजी घासलेट. रेशनच्या दुकानाबाहेर माणसांआधी डब्यांची रांग लागायची. पत्र्याचे डबे, प्लास्टिकचे कॅन, आणि डबा आणायला विसरलेल्याची नुसतीच वीट. माझं काम डब्यावर नजर ठेवण्याचं. दुकानदार मापाने निळसर रॉकेल नरसाळ्यात ओतायचा. रेशनचं म्हणून ते निळं, त्यात रंग घातलेला असायचा. माप भरताना तो अशा झटक्याने उचलायचा की निम्मा फेसच पदरात पडावा, आणि बायका त्याच्यावर ओरडायच्या. घरी येईपर्यंत हाताला, फ्रॉकला, कधी दप्तरातल्या पुस्तकांनाही वास लागलेला. आई स्टोव्हमध्ये हवा भरायची, पिन मारायची, बर्नर पेटवताना आधी पिवळा भपका उठायचा आणि मग निळी ज्योत फरफरायला लागायची. त्या आवाजाशिवाय सकाळ झाली असं वाटत नसे. भाताच्या पातेल्याला बाहेरून राख किंवा माती लावायची, म्हणजे काजळी धुताना निघते, हे मला वाचता येण्याच्या आधीपासून येत होतं.

त्या वासाशी जोडलेली आणखी एक गोष्ट आहे. ती टाळून पुढे जावं असं वाटत होतं, पण नको. आमच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत एक सून आली होती. वर्षभरात गेली. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू', दोन ओळी पेपरात आल्या. तेव्हाच्या पेपरांत अशा दोन ओळी इतक्या नेहमी असत की त्यांचा ठरावीक कोपरा होता. मी सातवीत होते. महिन्याभराने त्या खोलीत काही तरी द्यायला गेले, तर ओट्याखाली स्टोव्ह होता. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

मी जन्मले १९७४ साली. त्या हिवाळ्यात आई पोटुशी होती आणि रॉकेलच्या रांगेत उभी असायची, हे तिच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की मलाच ती रांग आठवते असं वाटतं. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, आणि तीन डॉलरच्या आसपास मिळणारं पिंप जानेवारीत पावणेबारा डॉलरच्या घरात गेलं. आईला त्यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की आधीच मिळत नसलेलं रॉकेल आता अजिबातच मिळेना. त्याच्या थोडं आधी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या, आमच्या चाळीतल्याही गेल्या होत्या. आईला मात्र आजीने जाऊ दिलं नव्हतं आणि त्याची खंत तिला आजही आहे. "लाटणं तरी माझं गेलं होतं," ती म्हणते. शेजारणीने नेलं होतं. परत आणलंच नाही. आणि त्याच फेब्रुवारीत, आई सातव्या की आठव्या महिन्यात असताना, किनाऱ्यापासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर 'सागर सम्राट' नावाच्या जहाजवजा तरत्या यंत्राने समुद्राच्या तळाला भोक पाडलं आणि तेल लागलं. मुंबई हाय. दोन वर्षांनी तिथून तेल निघायलाही लागलं. म्हणजे आम्ही दोघी एकाच वर्षाच्या.

मामा तिकडे लागला १९८१ साली. राजापूरकडून आलेला, आयटीआयचा वेल्डर, गिरणीत चिकटण्याच्या बेतात होता. तेव्हा चिकटला असता तर वर्षभरातच गिरण्यांच्या संपात सापडला असता. त्याऐवजी कुणीतरी एका ठेकेदाराकडे नेलं. कंपनीचे लोक जुहूवरून हेलिकॉप्टरने जात, चौदा दिवस तिकडे आणि चौदा दिवस घरी. मामासारखे ठेकेदाराचे लोक बोटीतून जात आणि पाऊस संपल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंत बार्जवरच राहत. घरी यायचा तो मे अखेर, आंबे संपत आल्यावर. पत्र्याची पेटी, गालांवर वाऱ्याने भाजलेले काळे चट्टे, आणि एक पोतं भरून कपडे. ते कपडे आजी चाळीच्या नळावर नव्हे, मोरीतही नव्हे, मागच्या गल्लीत दगडावर रॉकेल ओतून धुवायची, आणि त्या दगडावर बाकीच्यांनी कपडे आपटायचे नाहीत असा नियम होता. आम्ही पोरं मामाभोवती बसायचो. रात्री तिकडे समुद्र कसा दिसतो, असं विचारलं की तो म्हणायचा, आंगणेवाडीची जत्रा. चारी बाजूंनी दिवे, आणि मधेमधे उंच नळ्यांच्या टोकाला जळत असलेला गॅस. त्या उजेडाला भुलून मासे वर येतात, बघायला मजा वाटते, पण पहिल्या महिन्यात झोप लागत नाही. रात्र होतच नाही तिकडे, मामा म्हणायचा.

भाऊबीजेला तो बहुतेक वर्षी समुद्रावरच असायचा. एका वर्षी मात्र बार्ज दुरुस्तीला आली होती म्हणून तो घरी होता. ओवाळणीत त्याने आईला शंभराची नोट घातली आणि तिच्यावर एक रुपयाची. ती एक रुपयाची नोट उलटी करून म्हणाला, "अक्का, ही बघ माझी नोकरी." नोटेच्या मागे 'सागर सम्राट'चं चित्र होतं. पायांवर उभं असलेलं ते उंच, किचकट काहीतरी. आम्ही सगळ्यांनी नोट हातोहात फिरवून पाहिली. देशाच्या नोटेवर मामाची नोकरी! आईने शंभराची नोट त्याच आठवड्यात मोडली असणार. एक रुपयाची देव्हाऱ्यात लक्ष्मीच्या तसबिरीच्या मागे खोचली. ती अजून तिथेच आहे, घडीवर फाटायला आलेली, हळदीकुंकवाने मागचा समुद्र तांबूस झालेली.

आणि लक्ष्मी आलीच म्हणायची. मामाच्या पैशांनी आजोळच्या घरावर कौलं जाऊन स्लॅब पडला, धाकट्या मावशीचं लग्न झालं, माझी कॉलेजची फी दोन वर्षं त्यानेच भरली. आमच्याकडे गॅस आला तोही त्याच्यामुळे. नंबर लावून वर्षं झाली होती, तो लागला तेव्हा डिपॉझिटचे पैसे बाबांकडे नव्हते, ते मामाने दिले. त्या संध्याकाळी आईने स्टोव्ह घासूनपुसून, टाकी रिकामी करून, माळ्यावर ठेवला आणि पहिल्यांदा स्वयंपाकघरात नुसता भाताचा वास आला. मामा सांगायचा, आमच्याकडे तेलाबरोबर गॅस वर येतो, तो आधी नुसता जाळून टाकायचे, आता नळाने उरणला नेतात आणि त्यातून सिलिंडरचा गॅस काढतात. "तुमच्या भाताखाली मीच जळतोय," असं म्हणून तो मोठ्याने हसायचा. मोठ्याने, कारण तोवर त्याला कमी ऐकू यायला लागलं होतं. जनरेटरच्या आवाजासाठी ठेकेदाराने कानात घालायला कापूस दिला होता. नुसता कापूस. आज मामाशी फोनवर बोलायचं तर मामीच्या मध्यस्थीने बोलावं लागतं. त्याबद्दल तो कुणाला दोष देत नाही, आणि त्याच्यातर्फे मी द्यायला गेले की चिडतो. "तेव्हा ते काम मिळालं नसतं तर तू काय झाली असतीस?" याला माझ्याकडे उत्तर नाही. बहुधा गिरणगावातल्या कितीतरी मुलींचं झालं तेच झालं असतं.

म्हणून पर्यावरणावर कुणी फार तावातावाने बोलायला लागलं की मी जरा अवघडते. पटत नाही म्हणून नव्हे, पटतं म्हणूनच.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि ज्याच्या त्याच्याकडे त्या दिवसाची एक गोष्ट आहे. माझीही आहे, ती सोडून देते. २७ जुलैची कुणाकडे नसते. त्या दिवशी मुंबई हायवर एका जहाजातल्या स्वयंपाक्याची बोटं कापली गेली. हवा खराब, हेलिकॉप्टर उडेना, म्हणून त्याला प्लॅटफॉर्मवर चढवायला जहाज जवळ नेलं. लाटेने ते प्लॅटफॉर्मच्या नळांवर आदळलं आणि दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म जळून समुद्रात गेला. ३८४ माणसांपैकी ३६२ वाचली, त्या हवेत वाचवली गेली हे मोठंच. बावीस गेली. शहर गुडघाभर चिखलात होतं, आपापली माणसं शोधत होतं. मामा पावसाळ्याचा घरी, कल्याणला, वीज नाही, फोन नाही. त्याला तिसऱ्या दिवशी ओल्या पेपरात कळलं. त्याच्या ओळखीचं त्यात कुणी होतं का, हे आम्ही तेव्हा विचारलं नाही आणि नंतर विचारायची वेळ गेली. पुढे मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात अडीचशेहून जास्त माणसं असलेली पी-३०५ ही बार्ज बुडाली, तेव्हा तो टीव्हीसमोर दिवसभर बसून होता. आवाज बंद ठेवून. त्याला तसाही लागत नाही. मामी म्हणाली, जेवायला उठला नाही, आणि संध्याकाळी एवढंच म्हणाला की नांगर सुटले असणार.

आमची मासळीवाली वर्सोव्याची. तिचा तेलाचा हिशेब मामाच्या हिशेबाहून वेगळा आहे. नवऱ्याची बोट होती. पूर्वी सकाळी जाऊन संध्याकाळी येत, आता मासा जवळ राहिला नाही म्हणून लांब जावं लागतं, लांब म्हणजे आठवडा आणि पिंपंच्या पिंपं डिझेल. सरकार डिझेलवरच्या कराचा परतावा देतं, पण तो कधी येईल ते नारळी पुनवेला दर्याला विचारावं. "डिझेल जालतंव नि म्हावरा हुडकतंव," ती म्हणाली होती, "कंदी कंदी वाटते डिझेलच इकावा." मागच्या पिढीची जाळी सुताची, तागाची असत, सालीच्या काढ्यात उकळून टिकवलेली. आताची नायलॉनची, म्हणजे पुन्हा तेलाचीच. तुटली की सडत नाहीत. जुहूच्या वाळूवर माझ्या भाचीने पायाला गुंडाळून घेतलेला निळा गुंता त्यातलाच.

तिच्यामुळेच २०१० चा ऑगस्ट आठवतो. सात तारखेला, शनिवारी सकाळी, बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडली, तिच्यावरचे कंटेनर काड्यापेट्यांसारखे पाण्यात घसरले आणि टाकीतलं शेकडो टन तेल बाहेर आलं. गटारी दोन-तीन दिवसांवर. वर्षातला सगळ्यात मोठा धंदा तोंडावर, आणि टीव्हीवर दिवसभर काळं पाणी. सरकारने सांगितलं, मासे खाऊ नका. मंगळवारी मी बाजारात गेले तर ती पाटीपुढे एकटीच बसली होती, बर्फ वितळून पाणी वाहत होतं. मला बघून म्हणाली, "बाय, घे गो. ह्यो म्हावरा हितला नाय, गुजरातचा हाय, बर्फातला." मी घेतला नाही. घेतला नाही आणि 'आज आमच्याकडे उपास आहे' असं खोटं सांगितलं. गटारीच्या दिवशी. ती माझ्याकडे बघत राहिली. पुढचे कित्येक दिवस शिवडी, घारापुरी, उरणच्या तिवरांचे फोटो येत होते. तिवर चिखलातून वर काढलेल्या मुळांनी श्वास घेतं, त्या मुळांवर तेलाचा थर बसला की त्याचं नाकच बंद होतं. त्या फोटोंतली मुळं मला तेव्हा हातांच्या बोटांसारखी वाटली होती. या जूनमध्ये आईची बोटं बघून ते परत आठवलं.

फ्रीवेने चेंबूरकडे येताना माहुलच्या रिफायनऱ्या लागतात. एक १९५४ ची, दुसरी १९५५ ची. रात्री चिमणीवरची ज्योत दिसते, लहानपणी ट्रॉम्बेच्या आत्याकडे जाताना आम्ही तिला 'मोठी पणती' म्हणायचो. आता गाडीच्या काचा बंद असतात. तानसा पाइपलाइनजवळच्या झोपड्या हटवल्या तेव्हा तिथल्या लोकांना याच माहुलमध्ये नेऊन ठेवलं होतं. त्यांनी कोर्टात सांगितलं, इथली हवा घेता येत नाही. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं की त्यांना दुसरीकडे घर तरी द्या, नाहीतर महिन्याला १५,००० रुपये भाडं द्या. पंधरा हजारांत मुंबईत कुठल्या हवेचं भाडं निघतं, ते कुणी सांगितलं नाही.

आणि आम्ही काय करतो? पेट्रोल वाढलं की बोलतो. २९ मे २०२१ ला मुंबईत लिटरला शंभर रुपये झाले तेव्हा ग्रुपवर केवढे विनोद आले होते. डिझेल वाढलं की कोथिंबीर वाढते, डिझेल उतरलं तरी कोथिंबीर उतरत नाही, हे गणित भाजीवाल्यालाही सुटलेलं नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला, मामाच्या ऐन उमेदीत, देशाला लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून बरंच जास्त देशातच निघत असे आणि त्यात मोठा वाटा त्याच्या त्या जत्रेचा. आज शंभरातलं पंच्याऐंशीहून अधिक बाहेरून येतं. विहिरी म्हाताऱ्या झाल्या आणि आपण वापर वाढवला. हे मामाला सांगितलं तर (मामीमार्फत) तो म्हणाला, "आमच्या विहिरीला नावं ठेवू नका." पुढे काही बोलला नाही.

त्या रविवारची गोष्ट अर्धवट राहिली. टाच स्वच्छ झाली, भाची झोपली. साडेदहाला मला राहवेना म्हणून खोबरेलाची बाटली आणि जुनं फडकं घेऊन खाली उतरले, एरवी मी इतकी सद्गुणी नाही. लॉबीत आमचा सफाईवाला आधीच गुडघ्यांवर बसला होता. सेक्रेटरींनी त्याला घरून बोलावलं होतं, रविवारी, रात्री. फिनेलने घासून घासून त्याने डाग फरशीभर पसरवला होता. मी बाटली पुढे केली. त्याने ती पाहिली, हसला, म्हणाला, "ताई, याने रात्र जाईल. थांबा." पार्किंगमध्ये जाऊन त्याने आपल्या स्कूटरमधून वाटीभर पेट्रोल काढून आणलं. बोळा भिजवला आणि एका हाताच्या फटकाऱ्यात पाऊल गेलं. मग दुसरं, मग तिसरं. लॉबीभर पेट्रोल पंपाचा वास सुटला. मी पेट्रोलचे पैसे देऊ केले तर घेईना. "वाटीभर तर आहे," म्हणाला. शंभराची नोट त्याच्या खिशात कोंबली, तेव्हा जरा वेळ माझ्याकडे बघून विचारलं, "तुमच्याकडचं पोर होय?" मी मान डोलावली. त्याने कुणाला सांगितलं नाही. ग्रुपवर मीही काही लिहिलेलं नाही. हे सेक्रेटरींच्या वाचनात आलं तर येवो.

एक पाऊल तेवढं राहिलं. आमच्या दारातल्या उंबऱ्याच्या आतली फरशी जुनी, खडबडीत आहे, तिच्या भोकांमध्ये काळं गेलं ते खोबरेलानेही निघालं नाही आणि पेट्रोल घरात आणायला आई तयार नव्हती. उजव्या टाचेचा अर्धा गोल. त्यावर मी पायपुसणं टाकलं.

भाद्रपदात गौरी आल्या. आमच्याकडे तेरड्याच्या. भाची परत आली होती, या वर्षी गौर तीच आणणार म्हणून हटून बसली. ताम्हनात तेरडा, डोक्यावर पदराऐवजी ओढणी, लिफ्टमधून उतरून लॉबीत पाण्याच्या कळशीपाशी गेली आणि परत वर आली. दारात आई पाटावर बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे धरलेले, पण पावलं तिनेच काढायची. तांदळाच्या पिठात मूठ बुडवून ती पालथी उमटवायची आणि वर पाच बोटांचे ठिपके. मी विचारायचं आणि भाचीने उत्तर द्यायचं. "गौर आली का?" "आली." "कशाच्या पावलांनी आली?" "सोन्यामोत्यांच्या पावलांनी आली." पायपुसणं आईनेच बाजूला सरकवलं. पॅसेजमधून डावं, उजवं, डावं करत पांढरी पावलं उंबऱ्यापर्यंत आली. आत उजवं काढायला तिने मूठ पिठात बुडवली, पुढे वाकली आणि थांबली. चष्मा नाकावर ओढून जरा निरखून पाहिलं.

"इथं एक आहेच की," आई म्हणाली, आणि मूठ तशीच पुढे नेऊन तिने डावं पाऊल उमटवलं.